‘लाईट गेली’ म्हणजे ‘से फ्वे ला लुस’: तंत्रज्ञानावर स्पॅनिशमध्ये वाद घालायला शिकताना

काही वर्षांपूर्वी मी जळगावात ठिबकचं साहित्य परदेशात पाठवणाऱ्या एका कंपनीत होते. पेरू देशातल्या पिउरा भागात लहान शेतकरी केळी पिकवतात, तिथल्या एका गृहस्थांशी सकाळी सहाला कॉल असायचा. तिकडे तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. मी स्पॅनिशचे चारेकशे शब्द घोकून बसले होते. माउस, कीबोर्ड, पासवर्ड, स्क्रीन, सगळं तयार. एक दिवस ते म्हणाले, ‘ठिबक मोठ्याला परवडतं. लहान माणूस त्यात कर्जात जातो. आमचं पाटाचं पाणी काय वाईट आहे?’

मला प्रश्न कळला होता, उत्तरही माहीत होतं. अमळनेर तालुक्यात आमच्या ओट्यावर आबांनी हाच वाद शेजाऱ्यांशी वर्षानुवर्षं घातला होता. पण माझ्या तोंडून निघालं, ‘सी, सी.’ म्हणजे हो, हो. आपलाच माल नको म्हणणाऱ्याला मी मान डोलावत होते.

वस्तूंची नावं चार दिवसांत येतात, अडतं ते ‘हो, पण’ पाशी. म्हणून तंत्रज्ञानाचे फायदे-तोटे स्पॅनिशमध्ये बोलायचे असतील, तर मी ज्या क्रमाने शिकले त्याच्या जवळजवळ उलट्या क्रमाने शिका.

इथे सगळे स्पॅनिश शब्द देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिले आहेत. तुमच्या वहीत मात्र शब्दकोशात बघून रोमन स्पेलिंगही लिहा.

पहिली पायरी: जिभेवरचं इंग्रजी पुसा

स्पॅनिश रोमन लिपीत असते, त्यामुळे आपण ती नकळत इंग्रजीसारखी वाचतो. ‘टेक्नॉलॉजी’तला ‘ट’ तिकडे नाहीच. तिथे स्वच्छ ‘त’ आणि ‘द’ आहे, दातांना जीभ लावून म्हणायचा, आपल्या ‘ताट’मधल्या पहिल्या अक्षरासारखा. शब्द होतो ‘तेक्नोलोहिया’, जोर ‘ही’वर. लिहिताना तिथे ‘जी’ असतो, पण ‘ई’ आणि ‘आय’च्या आधी आला की त्याचा घशातून घासून येणारा ‘ह’ होतो. ‘जे’ अक्षराचा तर नेहमीच. म्हणून फायद्याला ‘बेन्ताहा’ आणि तोट्याला ‘देसबेन्ताहा’. लिहिताना सुरुवातीला ‘व्ही’ असतो आणि बोलताना ‘ब’. ‘एच’ लिहायचा, उच्चारायचा नाही.

स्पेनच्या बऱ्याच भागात ‘झेड’चा उच्चार ‘थ’सारखा करतात, लॅटिन अमेरिकेत ‘स’. मी ‘स’ घेतला. तुम्हीही घ्या, सोपा आहे आणि सगळीकडे चालतो.

‘र’कडे मात्र लक्ष द्या. ‘पेरो’ म्हणजे पण. ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. चर्चेत ‘पण’ दर मिनिटाला लागतो आणि उत्साहात तो थरथरता निघाला, की समोरच्याला दर मिनिटाला एक कुत्रा ऐकू येतो. मी हे पूर्ण एक महिना केलं. त्या गृहस्थांनी सभ्यपणे काही म्हटलं नाही. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ मात्र थरथरताच हवा.

घरच्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलंत तर आणखी एक सूचना. ‘हे माझे काका’ असं मराठीत मोठ्याने म्हणू नका. स्पॅनिशमध्ये ‘काका’ म्हणजे लहान मुलांच्या भाषेतली शी.

दुसरी पायरी: ‘मला वाटतं’पासून सुरुवात

बहुतेक पुस्तकं स्पॅनिश इंग्रजीतून शिकवतात आणि ‘मला आवडतं’ या रचनेला तिथे उलटी रचना म्हणून घाबरवतात. आपल्याला ती सरळच आहे. ‘मे गुस्ता’ म्हणजे शब्दशः ‘मला आवडतं’. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली की मराठीत ‘आवडतात’ होतं, तसं तिकडे ‘मे गुस्तान’. अहिराणी बोलणाऱ्याला ‘माले आवडस’ म्हणताना जे जमतं, तेच इथे करायचं आहे.

मत मांडायला लागणारी निम्मी क्रियापदं या एका साच्यात बसतात. ‘मे पारेसे के’ म्हणजे मला वाटतं की, माले वाटस. ‘मे प्रेओकुपा’ म्हणजे मला काळजी वाटते. ‘मे इन्तेरेसा’, मला यात रस आहे. ‘नोस फाल्ता’, आम्हाला कमी पडतं. ‘नोस फाल्ता सेन्याल’ म्हटलं की सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याही गावची रेंजची तक्रार पूर्ण झाली. पहिला महिना एवढंच करा. रोज पाच वाक्यं, मराठीतून थेट. वहीच्या डाव्या पानावर मराठी, उजव्यावर स्पॅनिश, मधे इंग्रजी नको.

आता ज्याला सगळे घाबरतात ती गोष्ट. ‘मला वाटतं ते उपयोगी आहे’ म्हणजे ‘क्रेओ के एस ऊतिल’. नकार आला की ‘आहे’चा ‘एस’ बदलून ‘सेआ’ होतो: ‘नो क्रेओ के सेआ ऊतिल’. व्याकरणाची पुस्तकं याला मोठं नाव देऊन चाळीस पानं खर्च करतात. आपण काय म्हणतो बघा: ‘ते उपयोगी असेल असं मला वाटत नाही.’ ‘आहे’चं ‘असेल’ आपणही करतोच. खात्री गेली की क्रियापदाचा रंग बदलतो. ही खूण मनात ठेवली की चर्चेपुरता हा विषय सुटतो. उरलेली पानं नंतर वाचा.

‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, तिथेही मराठीचा कामचलाऊ आधार मिळतो. ‘आमच्याकडे नेट स्लोच असतं’ म्हणजे स्वभावच तो, तिथे ‘एस लेन्तो’. ‘आज नेट स्लो आहे’ म्हणजे आत्ताची अवस्था, तिथे ‘एस्ता लेन्तो’. हा आधार सगळीकडे पुरत नाही. ‘ती शिक्षिका आहे’ला आपण ‘आहे’ म्हणतो आणि ते ‘एस’ म्हणतात. पण यंत्रांबद्दल बोलताना तो बऱ्यापैकी टिकतो.

लिंगाचंही तसंच. चांगला-चांगली करणाऱ्या माणसाला ‘ब्वेनो-ब्वेना’ समजावून सांगावं लागत नाही. मात्र मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका. ‘समस्या’ आपल्याकडे ती, तिकडे ‘एल प्रोब्लेमा’, तो. शेवटी ‘आ’ असूनही पुल्लिंगी असलेले ग्रीक वळणाचे शब्द तंत्रज्ञानात बरेच आहेत: ‘एल सिस्तेमा’, ‘एल प्रोग्रामा’. उलट ‘ला फोतो’ आणि ‘ला मोतो’ स्त्रीलिंगी, कारण ते मोठ्या शब्दांचे तुकडे आहेत. हे पाचसहा शब्द पाठच करा, कारण शोधत बसू नका.

तिसरी पायरी: वस्तूंचे शब्द, पण मोजकेच

साठ शब्द पुरेत. त्याआधी कुठल्या देशाशी बोलायचं ते ठरवा. कॉम्प्युटर स्पेनमध्ये ‘ओर्देनादोर’, मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’, कोलंबियात ‘कोम्पुतादोर’. मोबाईल स्पेनमध्ये ‘मोबिल’, समुद्रापलीकडे ‘सेलुलार’. हे ऐकून हताश होऊ नका, आपलं केळंच घ्या. स्पेन आणि मेक्सिकोत ‘प्लातानो’, कोलंबियात ‘बानानो’, इक्वाडोरमध्ये ‘गिनेओ’, व्हेनेझुएलात ‘काम्बुर’, अर्जेंटिनात ‘बानाना’. आणि इक्वाडोर म्हणजे जगात सगळ्यांत जास्त केळी निर्यात करणारा देश. रावेर-यावलचा माणूस तिकडच्या व्यापाऱ्याशी बोलायला बसला, तर तंत्रज्ञानाच्या आधी अर्धा तास या एका शब्दावरच गप्पा होतील.

शब्द आत शिरायला त्यांची मुळं मदत करतात. पासवर्डला ‘कोन्त्रासेन्या’ म्हणतात, त्यात ‘सेन्या’ म्हणजे खूण. इंटरनेटचं जाळं ‘रेद’, म्हणून सोशल मीडिया ‘रेदेस सोसियालेस’. क्लाउड ‘नूबे’, म्हणजे साधा आकाशातला ढग. स्क्रीन ‘पान्ताया’. ठिबक सिंचन ‘रिएगो पोर गोतेओ’, त्यातला ‘गोता’ म्हणजे थेंब.

माझा लाडका शब्द ‘आर्रोबा’. ईमेलच्या पत्त्यात मधे येणारं ते वेटोळं चिन्ह स्पॅनिशमध्ये याच नावाने ओळखतात. मुळात ते वजनाचं माप, साधारण साडेअकरा किलोचं. अरबीतल्या ‘चौथा हिस्सा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेलं. चौथा हिस्सा कशाचा? तर क्विंटलचा, त्यांच्या जुन्या, शंभर पौंडांच्या क्विंटलचा. बाजार समितीत कापसाचा भाव ज्या शब्दाने पुकारतात, त्याचाच नातेवाईक आपल्या ईमेलमध्ये बसलेला आहे. कापसाचं ‘आल्गोदोन’ही अरबीतूनच आलं.

नवे शब्द योग्य की अयोग्य, हे बघायला फुन्देऊ नावाची संस्था आहे. तिचं काम स्पॅनिश अकादमीच्या साथीने चालतं, आणि ही अकादमी 1713 सालची. फुन्देऊ दरवर्षी एक शब्द निवडते: 2014 मध्ये ‘सेल्फी’, 2022 मध्ये ‘इन्तेलिहेन्सिया आर्तिफिसियाल’, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. तिची छोटी टिपणं फुकट वाचता येतात आणि एकेका टिपणात चर्चेला पुरेल एवढा ऐवज असतो.

चौथी पायरी: ‘हो, पण’

यासाठी सगळ्यांत जास्त वेळ ठेवा, निदान दोन महिने. मतभेदाची भाषा वाक्यांतून बसते, यादीतून नाही. म्हणून पिउराच्या त्या प्रश्नाला मी आता काय उत्तर देईन, ते टप्प्याटप्प्याने सांगते.

आधी समोरच्याचं मान्य करा. ‘तिएने रासोन’, तुमचं बरोबर आहे. हे ‘तुम्ही’चं रूप आहे. ग्राहक, वडीलधारे, अनोळखी, सगळ्यांना ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही. मित्राला ‘तू’, आणि गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही तो ‘तू’च आहे. अर्जेंटिनात त्याऐवजी ‘बोस’ ऐकू येईल. समजून घ्या, वापरायची घाई नको.

मग दोन पारडी मांडा. ‘पोर उन लादो आओर्रा आग्वा’, एकीकडे पाणी वाचतं. ‘पोर ओत्रो लादो, एल पेकेन्यो आग्रिकुल्तोर से एन्देउदा’, दुसरीकडे लहान शेतकरी कर्जात जातो. दोन्ही पारडी आपल्याच तोंडून आली की समोरचा ऐकायला लागतो. आबाही असंच करायचे, आधी विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचे आणि मग त्याला पाडायचे.

मग वळण. ‘पेरो’ रोजचा. ‘सिन एम्बार्गो’ जरा वजनदार, आपल्या ‘तरीसुद्धा’सारखा. ‘आउन्के’ म्हणजे जरी. ‘नो क्रेओ के सेआ सोलो उन प्रोब्लेमा दे दिनेरो’, हा फक्त पैशाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. कारण द्यायला ‘पोर्के’, परिणाम सांगायला ‘पोर एसो’, म्हणूनच. भर घालायला ‘आदेमास’, शिवाय.

‘जितका-तितका’ची जोडी आपल्याकडे आहे म्हणून हे वाक्य तुम्हाला एका बैठकीत येईल: ‘क्वान्तो मास उसामोस एल सेलुलार, मेनोस आब्लामोस.’ जितका मोबाईल जास्त वापरतो, तितकं कमी बोलतो. आबांची अहिराणी तक्रार याहून थेट होती, ‘मोबाईलनी पोरेस्नी वाट लाई दिधी’, पण परीक्षेत जितका-तितका बरं दिसतं.

एक प्रश्न पाठ करून ठेवा, तो कुठल्याही चर्चेत चालतो: ‘पारा किएन?’ कोणासाठी? कुणी म्हणालं अमुक यंत्र फायद्याचं आहे, की विचारा ‘पारा किएन?’ फायदा आणि तोटा बहुधा वेगवेगळ्या माणसांच्या वाट्याला येतो. हा प्रश्न विचारला की गप्पा घोषणांवरून माणसांवर येतात. आणि तुम्हाला पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळतो, हे खरं कारण.

टाळायची गोष्ट एकच. ‘एन मि ओपिनियोन’, माझ्या मते, हे प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला लावू नका. मराठीत सतत ‘माझ्या मते, माझ्या मते’ करणारा माणूस जसा वाटतो, तसाच तिकडेही वाटतो.

पाचवी पायरी: विषय आपल्या गावचे घ्या

पाठ्यपुस्तकात घरून काम, ऑनलाइन खरेदी, सेल्फी असे विषय असतात. ते वाईट नाहीत, पण त्यावर आपल्याकडे सांगायला अनुभव कमी असतो, आणि सांगायला काही नसलं की भाषा सुचत नाही. खानदेशात विषयांना तोटा नाही.

विजेपासून सुरू करा. आपण म्हणतो ‘लाईट गेली’. स्पॅनिशमध्ये ‘से फ्वे ला लुस’. ‘लुस’ म्हणजे उजेड, पण बोलण्यात विजेलाही ‘लुस’च म्हणतात, ती स्त्रीलिंगीच आहे आणि आपल्यासारखी ती ‘जाते’ही. हे कळलं त्या दिवशी मला स्पॅनिश परकी वाटायची थांबली. रात्रीची थ्री-फेज लाईट, मोटार चालू करायला अंधारात शेतात जाणारा माणूस, मोबाईलवरून मोटार सुरू करणारं यंत्र, आणि लाईटच नसेल तर त्या यंत्राचं काय. ‘सिन लुस नो आय रिएगो’, लाईट नाही तर भरणं नाही. दहा मिनिटांची चर्चा इथेच तयार आहे.

मग अंगठा. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. बोटाच्या ठशाला स्पॅनिशमध्ये ‘उएया दिहिताल’ म्हणतात, आणि इंटरनेटवर आपण मागे ठेवतो त्या खुणांनाही हाच शब्द आहे, कारण ‘डिजिटल’ची मूळ लॅटिन व्युत्पत्तीच बोटावरून आलेली. एका शब्दात दोन्ही चर्चा. एकीकडे माझ्या नावाचं धान्य दुसऱ्याने उचलू नये म्हणून ठसा. दुसरीकडे आयुष्यभर कष्ट करून बोटांच्या रेषा झिजलेली म्हातारी रेशन दुकानात उभी आहे, आणि ‘ला माकिना नो लेए ला उएया’, यंत्राला ठसा वाचता येत नाही. ‘पारा किएन?’ इथे विचारून बघा.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे गेलात तर डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. जुन्या चक्कीला ‘मोलीनो दे बिएन्तो’, शब्दशः पवन-चक्की. वीज करणाऱ्या नव्या चक्कीला ‘आएरोहेनेरादोर’. वीज स्वच्छ, पण जमीन कोणाची आणि वीज जाते कुठे, असे दोन्ही बाजूंचे मुद्दे धुळ्याच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर फुकट मिळतील.

तंत्रज्ञान म्हणजे फक्त बटणांचं, असंही नाही. पांझरेवरची फड पद्धत हेही तंत्रज्ञानच: नदीवर बंधारे, तिथून पाट, आणि कोणत्या फडाला कधी पाणी हे गाव ठरवणार, पाटकरी ते वाटणार. स्पेनमध्ये वालेन्सियाला याची चुलत बहीण भेटते. तिथे पाण्याचे तंटे सोडवणारं शेतकऱ्यांचं न्यायालय दर गुरुवारी मोठ्या चर्चच्या दाराशी बसतं. कामकाज तोंडी चालतं. युनेस्कोने 2009 मध्ये त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. पाटाला त्यांचा शब्द ‘आसेकिया’, हाही अरबीतून आलेला. स्पॅनिश माणसाला फड समजावून सांगायचा तर ‘आसेकिया’ हा शब्द उच्चारा, पुढचं तोच अर्धं समजून घेईल. पिउराच्या त्या गृहस्थांचा प्रश्न खरं तर याच जातीचा होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

सहावी पायरी: बोलायचं कधी, कोणाशी

आधी फोनशी. आठवड्याला एक विषय. सोमवारी तीन मिनिटं बाजूने बोलून रेकॉर्ड करा, गुरुवारी तीन मिनिटं विरुद्ध. लिहून वाचायचं नाही, कागदावर फक्त पाच शब्द. रविवारी दोन्ही ऐका. पहिली रेकॉर्डिंगं ऐकवत नाहीत, तरी पुसू नका.

ऐकायला बीबीसीची स्पॅनिश सेवा ‘बीबीसी मुंदो’ आणि डीडब्ल्यू या जर्मन प्रसारणसंस्थेची स्पॅनिश सेवा पुरते. दोन्हीकडे तंत्रज्ञानावर नियमित मजकूर असतो आणि भाषा फार फुलोऱ्याची नसते.

माणसाशी बोलायला भाषेची अदलाबदल करणारे जोडीदार ऑनलाइन मिळतात. वेळेचं गणित आधी करा. स्पेन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन, म्हणजे आपल्या रात्री नऊला तिकडे संध्याकाळ. पेरू आणि कोलंबिया साडेदहा तास मागे, त्यांच्यासाठी आपली पहाट ठेवा. अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास त्यांना हवी ती भाषा. सगळ्यांनाच मराठी हवी नसते, मला दोन वर्षांत एकच सापडली.

परीक्षा द्यायची असेल तर इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची ‘देले’. संस्थेचं केंद्र नवी दिल्लीत आहे आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. ‘सिएले’ ही दुसरी परीक्षा संगणकावर होते, तिचा निकाल पाच वर्षं चालतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने देलेची बी-दोन, म्हणजे मध्यमाच्या वरची, पातळी बघा. तोंडी परीक्षेतलं पहिलंच काम असं: एक अडचण, तिच्यावरचे काही उपाय, त्यांचे फायदे-तोटे सांगा, मग परीक्षकाच्या प्रश्नांना तोंड द्या. पहिल्या दोन कामांच्या तयारीला मिळून 20 मिनिटं मिळतात. चौथी पायरी नीट केली असेल तर इथे नवं काही नाही. सहा महिन्यांत बी-दोन करून देण्याच्या जाहिरातींवर मात्र पैसे घालू नका. नोकरी, घर आणि शेत सांभाळून रोज तासभर दिला, तरी सोप्या विषयावर वाद घालण्याइतकं यायलाच मला दीड वर्ष लागलं.

पहिला कॉल मार्च-एप्रिलमध्ये ठरवलात तर मोबाईल आधी पूर्ण चार्ज करून ठेवा. तरीही मधेच तुटलं, तर परत जोडल्यावर काय म्हणायचं ते वाक्य तुमच्याकडे आहेच.